नवऱ्याची पत, आपली पत: अमेरिकेत स्वतःच्या नावाचं पहिलं क्रेडिट कार्ड



मागच्या वर्षी श्रावणात, रात्री साडेनऊच्या सुमारास डॅलसहून एका ताईंचा फोन आला. आपल्या ऑनलाइन बॅचच्या विद्यार्थिनी. मूळच्या सांगलीच्या, नवरा आयटीत, अमेरिकेत जाऊन पाच वर्षं झालेली. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या मागवून तिकडच्या मराठी मंडळींना विकायच्या, असा त्यांचा प्लॅन. हिशेब मांडून झाला होता, विणकर ठरला होता, दिवाळीच्या मेळाव्यातल्या स्टॉलची चौकशीही झाली होती. अडलं कुठे, तर क्रेडिट कार्डावर.

वेबसाइटचं महिन्याचं भाडं, कुरियरची लेबलं, स्टॉलचं बुकिंग, माल न्यायला भाड्याची व्हॅन हे सगळं तिथे कार्डावर चालतं. ताईंनी स्वतःच्या नावाने कार्डाला अर्ज केला. ज्या बँकेत नवरा-बायकोचं जॉइंट खातं पाच वर्षं आहे, पगार जमा होतो, त्याच बँकेत. बँकेने नकार दिला. पत्रात कारण लिहिलं होतं: क्रेडिट हिस्ट्री अपुरी.

ताई म्हणाल्या, “सर, लग्नाआधी मी पतसंस्थेत कर्ज विभागात सात वर्षं काढली. लोकांची प्रकरणं मी मंजूर करायचे हो! आणि इथे मला पाचशे डॉलरसाठी नाही म्हणतात.”

हे फक्त त्यांच्या बाबतीत घडलेलं नाही. परदेशात नव्याने गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा फटका बसतो, आणि जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना जास्त बसतो. त्यात व्यवसाय सुरू करायचा असेल तर पाच वर्षं काही न वाटलेली गोष्ट एकदम दारात येऊन उभी राहते. म्हणून आजचा लेख थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा.

पैसे आहेत, पत नाही

आपल्याकडे पत कशी ठरते? पतसंस्थेत गेलात तर दोन जामीनदार मागतात. मॅनेजर तुमच्या वडिलांना ओळखतो. दुकान किती वर्षांचं, घर कुणाच्या नावावर, कुणाचं देणं बुडवलंय का, हे गावाला ठाऊक असतं. म्हणजे पत माणसांच्या तोंडी असते. हल्ली सिबिल आलं तरी लहान गावात हे अजून चालतं.

अमेरिकेत पत फाइलमध्ये असते. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन मोठ्या कंपन्या प्रत्येकाची फाइल ठेवतात. तुम्ही कोणतं कार्ड घेतलं, मर्यादा किती, हप्ता वेळेत भरला की नाही, हे बँका दर महिन्याला त्यांना कळवतात. त्या फाइलवरून ३०० ते ८५० यांमधला एक आकडा निघतो. त्यातला सगळ्यात चालणारा आकडा म्हणजे फायको स्कोअर. ही फायको कंपनी १९५६ साली बिल फेअर आणि अर्ल आयझॅक या दोघांनी काढली. एक इंजिनिअर, दुसरा गणिती. या दोघांच्या गणिताला तुमचे वडील कोण हे माहीत नाही आणि विचारायचंही नाही. तसं बघितलं तर चांगलंच आहे. पण नवीन माणसाची अडचण अशी की त्याच्या नावाची फाइलच नसते. स्कोअर कमी नसतो, तर स्कोअरच नसतो. निदान एक खातं सहा महिने जुनं असावं आणि गेल्या सहा महिन्यांत त्याची काहीतरी नोंद झालेली असावी, तेव्हा कुठे फायको पहिला आकडा काढतं.

“पण माझं सिबिल चांगलं होतं!” हा पुढचा प्रश्न ठरलेला. सिबिलचं आजचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल. म्हणजे तीच ट्रान्सयुनियन. तरीही भारतातली नोंद आपोआप अमेरिकेच्या फाइलमध्ये जात नाही. दोन देशांचे कायदे वेगळे, ओळख क्रमांक वेगळे. मुंबई विमानतळावर तुमची बॅग चेक-इन होते, पत होत नाही.

आणि बचत खात्यातली रक्कम? ती या फाइलमध्ये दिसतच नाही. खात्यात पन्नास हजार डॉलर पडून असू द्यात, स्कोअरच्या हिशेबात ते शून्य. डेबिट कार्डाने पाच वर्षं सगळी खरेदी केलीत? तीही शून्य. कारण तुम्ही कुणाचे पैसे घेऊन परत केले याचा त्यात पुरावा नाही.

ते नकाराचं पत्र फेकू नका

ताईंना मी पहिलं काम सांगितलं: पत्राचा फोटो पाठवा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अर्ज नाकारला तर बँकेला साधारण ३० दिवसांत कळवावं लागतं आणि कारण विचारलं तर ते सांगावंच लागतं. निर्णय क्रेडिट रिपोर्टवरून झाला असेल तर कोणत्या ब्यूरोचा रिपोर्ट पाहिला तेही लिहितात आणि ६० दिवसांच्या आत तुम्ही त्यांच्याकडून तो रिपोर्ट फुकट मागवू शकता. तसाही तिन्ही ब्यूरोंचा रिपोर्ट त्यांच्या ‘अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट’ या एकत्रित वेबसाइटवर मोफत मिळतो. रिपोर्ट मोफत मिळतो बरं का, स्कोअर नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत.

मग मी विचारलं, “अर्जात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलंत?”

“शून्य. मी कुठे कमावते अजून?”

इथे गाडी अडली होती! हिस्ट्री नव्हती हे खरंच, पण शून्य उत्पन्न म्हटल्यावर बँकेपुढे कारणच उरलं नाही. आता हा भाग नीट वाचा, कारण आपल्या कितीतरी शिकलेल्या मुलींना हे ठाऊक नाही. अमेरिकेत २००९ साली कार्डांबद्दल एक कडक कायदा आला. त्याच्या नियमांत असं बसलं की अर्जदाराने फक्त स्वतःची कमाई दाखवायची. त्यामुळे घर सांभाळणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. मग २०१३ मध्ये नियम बदलला. वय २१ किंवा जास्त असेल तर घरातलं जे उत्पन्न तुम्हाला वापरता येतं अशी रास्त खात्री आहे, ते तुम्ही अर्जात दाखवू शकता. नवऱ्याचा पगार जॉइंट खात्यात जमा होतो आणि तुम्ही त्यातून खर्च करता, हे त्यात सरळ बसतं. यात खोटं काही नाही. उलट ज्या पैशाला तुमचा हात लागत नाही तो मात्र लिहू नका. अर्जात खोटी माहिती देणं तिकडे गुन्हा आहे.

एक जरा बाजूची गोष्ट सांगतो. १९७४ पर्यंत अमेरिकेतही कितीतरी ठिकाणी विवाहित बाईने कर्ज किंवा कार्ड मागितलं की नवऱ्याची सही आणा म्हणायचे. त्या वर्षी कायदा झाला आणि स्त्री आहे किंवा लग्न झालंय म्हणून पत नाकारणं बंद झालं. आपण म्हणतो तिकडे सगळं आधीपासून पुढारलेलं. तसं काही नसतं हो.

नंबराची भानगड

फाइल उघडायला ओळख क्रमांक लागतो. काम करायची परवानगी असलेल्याला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे एसएसएन मिळतो. एच-१बी वाल्याला मिळतो. त्याच्या जोडीदाराला एच-४ वर मिळत नाही, जोपर्यंत ईएडी हे काम करण्याचं परवानापत्र हातात येत नाही. ईएडीच्या अर्जातच एसएसएन हवा का असं विचारतात, तिथे हो म्हणायचं. पुन्हा वेगळा हेलपाटा वाचतो.

ईएडी नाही तर? तर आयटीआयएन. हा कर भरण्यासाठीचा नंबर. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरताना डब्ल्यू-७ फॉर्म जोडून मागता येतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा जीव होत नसेल, आणि कुणाचाच होत नाही, तर अधिकृत स्वीकृती एजंटकडे जाऊन कागद तपासून घेता येतात. काही बँका आयटीआयएनवर कार्ड देतात, काही देत नाहीत. अर्ज करण्याआधी विचारा. पुढे एसएसएन आला की आयटीआयएन वापरणं बंद करायचं आणि कार्डाच्या बँकेला व ब्यूरोंना नवा नंबर कळवायचा, म्हणजे आधीची मेहनत नव्या नंबराखाली येते. आणि लागोपाठ तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर आयटीआयएन रद्द होतो.

ताईंचा एसएसएन दोन महिन्यांपूर्वीच आला होता. त्यांच्या फाइलचं वय तेवढंच. पण त्या म्हणाल्या, “नवऱ्याच्या खात्यावर माझ्या नावाचं कार्ड आहे की! पाच वर्षं भाजी त्यावरच घेते.”

ते पुरवणी कार्ड. तिकडे त्याला ऑथराइज्ड यूजर म्हणतात. मुख्य माणसाची चांगली नोंद तुमच्या फाइलमध्येही येऊ शकते, ही सोय चांगली आहे. पण कार्ड घेतलं तेव्हा ताईंचा नंबरच नव्हता, त्यामुळे बँकेने नोंद कुणाच्या फाइलला जोडायची? मी सांगितलं, नवऱ्याला बँकेत फोन करायला लावा, तुमचा एसएसएन नोंदवा आणि पुरवणी कार्डाची माहिती ब्यूरोला कळवता का हे स्पष्ट विचारा. बऱ्याच बँका कळवतात, सगळ्या नाही.

पण मैत्रिणींनो, पुरवणी कार्ड ही उसनी पत आहे. त्याने हप्ता चुकवला किंवा मर्यादेपर्यंत कार्ड घासलं की डाग तुमच्याही फाइलवर दिसू शकतो. त्याने कार्ड बंद केलं की तुमचा आधार गेला. वाईट बोलू नये म्हणतात, तरी बोलतो: घटस्फोट होतात, माणसं अचानक जातात. परक्या देशात, दोन मुलं पदरात, आणि घर भाड्याने घ्यायला गेलं तर मालक क्रेडिट रिपोर्ट मागतो. त्या दिवशी फाइल उघडायला सुरुवात करून चालत नाही. म्हणून व्यवसाय करायचा असो वा नसो, एक कार्ड पूर्णपणे तुमच्या नावावर असलंच पाहिजे.

पहिलं कार्ड कुठून मिळवायचं

सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे सिक्युअर्ड कार्ड. आपल्याकडे एफडीवर कार्ड मिळतं ना, तसंच. बँकेकडे दोनशे, तीनशे, पाचशे डॉलर अनामत ठेवायचे, साधारण तेवढीच मर्यादा मिळते. बँकेला धोका नाही, म्हणून नव्या माणसालाही सहज देतात. लोकांना यात कमीपणा वाटतो. “माझेच पैसे मला वापरायला देतात, वर उपकार!” अहो, तुम्ही पैसे उधार घेत नाही आहात, तुम्ही नोंद तयार करून घेत आहात. त्यासाठी तीनशे डॉलर काही महिने अडकले तर तो व्यवसायाचा खर्चसुद्धा नाही, परत मिळणारी अनामत आहे.

घेताना तीन गोष्टी विचारा: वार्षिक फी आहे का, तिन्ही ब्यूरोंना कळवता का, आणि किती महिन्यांनी अनामत परत करून साधं कार्ड देता. फी नसलेली बरीच कार्डं आहेत, उगाच फी भरू नका. आणि प्रीपेड कार्डाशी गल्लत करू नका. त्यातही आधी पैसे भरायचे असतात, दिसायलाही तसंच असतं, पण त्याने एक कवडीची हिस्ट्री तयार होत नाही. यात फसलेले माझ्याच बॅचमध्ये दोघं आहेत.

दुसरा रस्ता भारतातली हिस्ट्री वापरण्याचा. मघाशी म्हटलं ती आपोआप जात नाही. पण २०१९ पासून अमेरिकन एक्स्प्रेसने नोव्हा क्रेडिट या कंपनीच्या मदतीने काही देशांतली हिस्ट्री अर्जाच्या वेळी बघायला सुरुवात केली आणि त्या देशांत भारत होता. तुमच्या परवानगीने ती माहिती मागवली जाते. अशा योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्यांच्या साइटवर काय लिहिलंय ते वाचा. ज्याचं भारतातलं सिबिल स्वच्छ आहे त्याने हे आधी करून बघावं. विद्यार्थ्यांसाठी वेगळी कार्डं असतात आणि क्रेडिट युनियन, म्हणजे त्यांच्या पतसंस्थाच म्हणा ना, त्याही नव्या माणसाला जरा सांभाळून घेतात.

नकार आला की दुसऱ्या दिवशी दुसरीकडे, तिसऱ्या दिवशी तिसरीकडे अर्ज करणारे महाभाग आहेत. प्रत्येक अर्जाची चौकशी फाइलवर दोन वर्षं दिसते. रिकाम्या फाइलवर पाच चौकश्या दिसल्या की बँकेला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. बऱ्याच बँकांच्या साइटवर पात्रता आधी तपासून बघायची सोय असते, त्याने फाइलवर डाग पडत नाही. आधी ते करा.

तीनशे डॉलरच्या कार्डाचं व्यवस्थापन

ताईंनी तीनशे डॉलर ठेवून सिक्युअर्ड कार्ड घेतलं, आणि पहिल्याच महिन्यात मला मेसेज: “सर, सगळे पैसे वेळेत भरले, तरी बँकेच्या अॅपमध्ये वापर जास्त म्हणून लाल दाखवतंय.”

दोन तारखा असतात. एक स्टेटमेंटची, एक पैसे भरायची. दोन्हींमध्ये निदान २१ दिवस मिळतात. भरायची तारीख सगळे पाळतात, पण बहुतेक बँका ब्यूरोला शिल्लक कळवतात ती स्टेटमेंटच्या सुमाराची. ताईंनी महिन्यात किराणा, पेट्रोल मिळून २४० डॉलर खर्च केले होते. तीनशेतले २४० म्हणजे ८० टक्के वापर. फाइल वाचणाऱ्याला हे कळत नाही की मर्यादाच एवढीशी आहे. त्याला दिसतं की बाईने कार्ड जवळजवळ काठोकाठ भरलंय.

उपाय अगदी साधा. स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधी २१० भरून टाका. स्टेटमेंटवर ३० राहिले, म्हणजे १० टक्के. ते ३० नंतर वेळेवर भरा. खर्च तोच, पैसे तेच, फाइलवरचं चित्र वेगळं. फायकोच्या गणितात वेळेवर भरण्याला साधारण ३५ टक्के वजन आहे आणि किती देणं आहे याला ३० टक्के. म्हणजे या दोन सवयींतच दोन तृतीयांश काम झालं. खातं किती जुनं याला १५, नवीन अर्जांना १० आणि कर्जांच्या प्रकारांना १०. म्हणूनच पहिलं कार्ड लवकर घ्यायचं आणि फी नसेल तर कधीच बंद करायचं नाही. जुनं होऊ द्यायचं, लोणच्यासारखं.

ऑटो-पे लावताना अॅप तीन पर्याय देतं: किमान रक्कम, स्टेटमेंटची पूर्ण रक्कम, किंवा तुम्ही ठरवाल ती. पूर्ण रक्कम निवडा. किमान रक्कम निवडून निवांत बसलेल्या माणसाला व्याज कधी चढलं कळत नाही. हल्ली तिकडे बहुतेक कार्डांचा दर वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतो. “थोडी बाकी ठेवली तर स्कोअर वाढतो” असं कुणी मंडळाच्या कार्यक्रमात सांगितलं तर हसून सोडून द्या. व्याज भरून पत वाढत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका, तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. आणि एक हप्ता ३० दिवसांच्या वर लांबला तर ती नोंद सात वर्षं फाइलवर राहते. भारतात सुट्टीवर आलात, लग्नाच्या गडबडीत विसरलात, हे कारण तिथे चालत नाही.

व्यवसायाचं कार्ड

“मग धंद्याच्या नावावरच कार्ड काढलं तर? कंपनी नवीन, तिची फाइल वेगळी.” हा प्रश्न मला हमखास येतो. काढता येतं. पण छोट्या व्यवसायाच्या कार्डाला बँक मालकाची वैयक्तिक हमी घेते आणि मालकाचाच स्कोअर बघते. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. शिवाय २००९ च्या त्या कायद्यातली बरीच संरक्षणं वैयक्तिक कार्डांना आहेत, व्यवसायाच्या कार्डांना नाहीत. त्यामुळे आधी स्वतःची पत, मग व्यवसायाची. तोपर्यंत एक करा: व्यवसायाचं बँक खातं वेगळं ठेवा आणि व्यवसायाचा करक्रमांक, म्हणजे ईआयएन, काढून ठेवा. तो कर विभागाकडून फुकट मिळतो. पैसे घेऊन काढून देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.

आणि इथे जरा कडक बोलतो. एच-४ वर असाल आणि ईएडी नसेल तर व्यवसाय सुरू करू नका. “घरातूनच तर विकतेय”, “ओळखीतल्यांनाच देते”, “पैसे नवऱ्याच्या खात्यावर घेते” यातलं काहीही इमिग्रेशनपुढे टिकत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० मंजूर झालाय त्यांना, ईएडी मागता येतं. ईएडी असेल तर स्वतःचा व्यवसाय करता येतो. एच-१बी वाल्या नवऱ्याने मात्र त्या व्यवसायात पॅकिंगला बसण्याआधीही वकिलाला विचारावं. कार्ड मात्र कुणीही, ईएडी नसतानाही, घेऊ शकतं. ते काम नाही. म्हणून ईएडीची वाट बघत बसलेल्या मैत्रिणींनो, तो वेळ फाइल तयार करण्यात घाला.

जे अजून निघायचे आहेत त्यांच्यासाठी

थोडक्यात सांगतो. निघण्याआधी सिबिलचा पूर्ण रिपोर्ट काढून जवळ ठेवा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. जुनी देणी चुकती करा. भारतातलं कार्ड सुरुवातीच्या आठवड्यांसाठी बरोबर न्या, पण त्यावर विसंबू नका. परकीय चलनाचं शुल्क बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर त्या शुल्कावर जीएसटी. आणि त्याने अमेरिकेत फाइल तयार होत नाही. अनिवासी झालात की इथलं साधं बचत खातं एनआरओ करावं लागतं, हे बँकेला कळवायचं बहुतेक जण विसरतात.

आखातात किंवा युरोपात असाल तर नावं बदलतात, गोष्ट तीच. अमिरातीत अल एतिहाद क्रेडिट ब्यूरो आहे, ३०० ते ९०० चा आकडा आहे आणि बँक तुमचा पगार, मालक आणि एमिरेट्स आयडी बघते. जर्मनीत शुफा आहे. तिथे पोचल्यावर पहिली दोन कामं म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी आणि बँक खातं. त्याशिवाय कार्डाचं नाव काढू नका. त्यांच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू.

ताईंचं पुढे काय झालं

मागच्या दिवाळीचा स्टॉल त्यांनी नवऱ्याच्या कार्डावरच घेतला. अकरा पैठण्या नेल्या, सात विकल्या. व्हॅन एका मैत्रिणीच्या नावाने घेतली. मनातून त्यांना ते आवडलं नव्हतं, पण हंगाम सोडायचा नव्हता.

सातव्या महिन्यात पहिला फायको दिसला, ६९८. मला स्क्रीनशॉट आला, खाली फक्त “प्रकरण मंजूर!” एवढंच लिहिलेलं. आठव्या महिन्यात बँकेने अनामतीचे तीनशे डॉलर परत केले आणि कार्ड साधं करून मर्यादा वाढवली. त्यानंतर त्यांनी पहिल्या नकाराच्याच बँकेत पुन्हा अर्ज केला, या वेळी उत्पन्नाचा रकाना नीट भरून. मिळालं. या गणपतीतला स्टॉल, व्हॅन आणि येवल्याहून आलेल्या मालाचं कुरियर, सगळं त्यांच्या स्वतःच्या कार्डावर झालं.

मध्यंतरी घराच्या कर्जाचा विषय निघाला म्हणून नवऱ्याचाही रिपोर्ट त्यांनी मागवला. पतसंस्थेतली सवय, ओळ न् ओळ वाचली. त्यात भलत्याच कुणाचं तरी एक कार्ड घुसलेलं सापडलं, ज्या गावात हे दोघं कधी राहिलेच नाहीत तिथल्या पत्त्यासकट. नवऱ्याने सहा वर्षांत एकदाही तो रिपोर्ट उघडला नव्हता. चुकीविरुद्ध तक्रार फुकट करता येते आणि ब्यूरोला साधारण ३० दिवसांत चौकशी करावी लागते. अर्ज ताईंनीच लिहून दिला, पुरावे जोडले, नवऱ्याची सही घेतली. चोविसाव्या दिवशी नोंद काढून टाकल्याचं पत्र आलं.

पुढच्या व्हिडिओत ईआयएनचा फॉर्म स्क्रीनवर उघडून एकेक रकाना भरून दाखवतो. पासपोर्ट आणि पत्ता हाताशी ठेवा. भेटूया!